दुसऱ्या ब्रेकवरचा पाय

मास्तरणीला तो आधी दिसला तो पायांकडून.

यात तिचा दोष नव्हता. अकरा वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवून शिकवून तिला माणसाच्या तोंडाआधी पाय बघायची खोड लागली होती. तोंडाचं काय, ते 'हो मॅडम, कळलं मॅडम' म्हणत हसतं. पायाला ही लबाडी जमत नाही. क्लचवर पाय थरथरला की समजावं, स्वारीला काडीचं कळलेलं नाही. त्या बुधवारी दुपारी ती ट्रेलर भाड्याने देणाऱ्या दुकानाच्या अंगणात शिरली, तेव्हा एका ट्रेलरखालून दोन पाय बाहेर आलेले होते. जाड तळाचे बूट, त्यांवर ऑइलचे डाग. ट्रेलरखाली हातोड्याचे ठोके चालले होते, पण पाय मात्र अगदी निवांत. इतके स्थिर पाय तिने अकरा वर्षांत तीन-चारदाच पाहिले होते, आणि ती सगळी मंडळी पहिल्या झटक्यात परीक्षा पास झाली होती.

"अहो, कोणी आहे का?" तिने बुटांना विचारलं.

"आहे की," बूट म्हणाले. "एकच मिनिट. बेअरिंग अर्धवट सोडलं की रुसतं."

मग तो बाहेर आला. तिशीचा असावा. कपाळावर ग्रीसचा पट्टा आणि ओठांच्या आधी हसणारे डोळे. हात पुसायला त्याने फडकं घेतलं आणि एकेक बोट वेगळं पुसत तो विचारू लागला. काय न्यायचंय? एक छोटी गाडी. किती लांब? सहाशे चाळीस किलोमीटर.

"बंद आहे का गाडी?"

"छे, चालू आहे. पण..." मास्तरीण जरा अडखळली. तिच्या गाडीची निंदा तिच्या तोंडून सहसा निघत नसे. "आमची शाळेची गाडी आहे. सगळा जन्म गल्ल्यांमध्ये वीसच्या स्पीडने गेलाय हो तिचा. मेकॅनिक म्हणतो, गावात अजून दहा वर्षं चालेल, हमरस्त्यावर दोन तास नाही. तापते."

"शाळेची म्हणजे... दोन ब्रेकवाली?"

त्याचे डोळे असे चमकले, की तिला नकळत बरं वाटलं. एरवी त्या गाडीला लोक हसत. शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक, शेजारी शिकवणारीच्या पायाशी दुसरा.

"म्हणजे शिकणारा चुकला तरी तुमचा पाय तयार असतो?"

"असतो. आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, शिकवणाऱ्याचा पाय दुसऱ्या ब्रेकवरून उठता कामा नये. अकरा वर्षांत उठला नाही. बसमध्ये बसले तरी दाबते मी. आई म्हणते, झोपेतसुद्धा दाबते."

तो हसला नाही. फडकं बाजूला ठेवून म्हणाला, "दमत नाही का पाय?"

आता बघा, साधा प्रश्न. पण अकरा वर्षांत आई, ताई, सर, शेकडो विद्यार्थी, कोणालाही तो सुचला नव्हता. तिने आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. मग तिने भराभरा कामाचं सांगायला सुरुवात केली.

काम असं होतं. सर म्हातारे झाले, त्यांनी शाळा बंद केली आणि गाडी तिला देऊन टाकली. "हिचे ब्रेक तूच मारलेस, तूच ने," म्हणाले. ताईच्या गावात बायकांना शिकवणारी बाई एकही नव्हती. तिथे स्वतःची शाळा काढायची, हे मास्तरणीचं कितीतरी वर्षांचं मनातलं होतं. अर्ज केला होता, खोली घेतली होती. आता येत्या सोमवारी अकरा वाजता तिथल्या इन्स्पेक्टरसमोर दोन ब्रेकची गाडी उभी करायची होती. सोमवार हुकला की पुढचा नंबर सहा महिन्यांनी, आणि तोवर खोलीही हातची जाणार. ओढायला गाडी होती. ताईचे यजमान, म्हणजे दाजी, कामाला इकडे आले होते, ते आपली दणकट जीप तिच्यासाठी ठेवून रेल्वेने परतले होते. फक्त ट्रेलर हवा होता.

"आणि ओढेल कोण?" त्याने विचारलं.

"मी."

"पूर्वी कधी ट्रेलर...?"

"नाही."

दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या मालकांनी वर्तमानपत्र खाली केलं. ते त्याचे सख्खे मामा, पण गिऱ्हाइकंही त्यांना मामाच म्हणत. "उद्या या पोरी," मामा म्हणाले. "हा शिकवेल. याच्यासारखं शिकवणारा दुसरा नाही. आत्तापर्यंत एकाही गिऱ्हाइकाचा ट्रेलर कलंडला नाही." आणि ते पुन्हा पेपराआड गेले.

गुरुवारी पाऊस भुरभुरत होता. ओल्या लोखंडाचा आणि ग्रीसचा वास अंगणभर पसरला होता. रिकामा ट्रेलर जीपला जोडून ट्रेलरवाला म्हणाला, "घ्या मागे. त्या फाटकातून."

मास्तरणीने पदर खोचल्यासारखा आव आणला आणि रिव्हर्स टाकला. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, ट्रेलर उजवीकडे गेला. घाईने उजवीकडे फिरवलं, तो डावीकडे वळून जीपच्या अंगावरच आला. चार वेळा हेच झालं. पाचव्यांदा तर ट्रेलर फाटकाच्या खांबाला लागता लागता राहिला. ती खाली उतरली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"मी लोकांना रिव्हर्स शिकवते हो," ती म्हणाली.

"तीच अडचण आहे. तुमच्या हातांना फार येतंय."

त्याने ट्रेलर सोडवला. पुढचा दांडा स्वतःच्या हातांनी उचलला आणि पावसात तो रिकामा ट्रेलर ढकलत फाटकातून मागे नेला. एका दमात, कुठेही न थांबता, दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडून. मग परत आणला. ओल्या शर्टाखाली त्याचे खांदे कसे वळतात आणि ट्रेलर त्यांचं कसं ऐकतो, हे मास्तरीण बघत राहिली. शिकवणारी असून तिला कबूल करावं लागलं, की असं शिकवताना तिने कुणाला पाहिलं नव्हतं.

"मी हा असाच शिकलो, हातांनी," तो म्हणाला. "आता तुम्ही स्टिअरिंग वर धरू नका. खाली धरा, घड्याळात सहा असतात तिथे. हात डावीकडे नेला की ट्रेलर डावीकडे, उजवीकडे नेला की उजवीकडे. डोक्याला विचारूच नका."

तो मागे जाऊन उभा राहिला. आरशात तेवढाच दिसत होता. दोन हातांनी बोलावणारा, तळवा दाखवून थांबवणारा, बोटभर चुकलं तर बोटभरच खूण करणारा. तिसऱ्या खेपेला ट्रेलर फाटकातून सुतासारखा सरळ मागे गेला.

"जमलं," ती म्हणाली.

"जमणारच होतं. पाय बघितला ना मी. क्लचवर अजिबात हलत नाही."

कोणीतरी आपले पाय बघत होतं, या विचाराने मास्तरणीला विनाकारण हसू आलं. ते लपवायला तिने खांबाकडे बोट केलं. खांबाला कमरेच्या उंचीवर मोठा पोचा होता, त्याच्यावर जुना रंग. "याला माझ्याआधीच कुणीतरी ठोकलंय वाटतं?"

"जुनी गोष्ट आहे," तो म्हणाला. पेपराआडून मामा खोकले.

चहा घेताना त्याने शेवटचा धडा दिला. "उतारावर समजा ट्रेलर डुलायला लागला, शेपटीसारखा इकडून तिकडे, तर काय कराल?"

"ब्रेक," मास्तरीण तत्काळ म्हणाली.

"तेच करायचं नाही. ब्रेक मारला की मागचं वजन पुढे ढकलतं आणि सगळंच आडवं होतं. पाय उचलायचा. ॲक्सिलरेटरवरूनही. कशावरच ठेवायचा नाही. स्टिअरिंग सरळ धरायचं आणि... थांबायचं."

"नुसतं थांबायचं?"

"नुसतं. तो आपोआप शांत होतो."

"तुम्ही कधी अनुभवलंय हे?"

त्याने कपाची कड बोटाने पुसली. "बऱ्याच जणांनी सांगितलंय," तो म्हणाला.

शुक्रवारी गाडी चढवली. इंजिनाचं तोंड पुढे, कारण वजन पुढे थोडं जास्त हवं. चाकं जिथे थांबली तिथे त्याने खडूने रेघा ओढल्या, चार चाकांना चार पट्टे टाकून ते आवळले आणि प्रत्येक पट्ट्यावर चापट मारून आवाज ऐकला. एकाचा आवाज त्याला पटला नाही, म्हणून तो सोडून पुन्हा बांधला. घाई करणाऱ्या माणसांमध्ये आयुष्य काढलेल्या मास्तरणीला ते बघताना डोळे भरून आल्यासारखं वाटलं. आपली ही जुनी गाडी याने किती मानाने बांधली, असं तिच्या मनात आलं.

"गाडीत आता काही भरायचं नाही," तो म्हणाला. "डिकीत रुमालसुद्धा नको. पन्नासाव्या किलोमीटरला थांबायचं. पट्टे सुरुवातीला ढिले पडतातच. चाकाच्या मध्यभागी हात लावून बघायचा, कोमट लागलं तर ठीक, चटका बसला तर पुढे जायचं नाही. मग दर शंभराला हेच. आणि... फोन करायचा."

"सगळ्या गिऱ्हाइकांना असंच सांगता?"

"पट्ट्यांचं सगळ्यांना सांगतो," तो म्हणाला, आणि बुटांकडे बघू लागला. ट्रेलर परत न्यायला पुढच्या गुरुवारी मामा जीप घेऊन येतील, असं ठरलं. मामा. तो येणार का, हे मास्तरणीने विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

आता चूक कुठे झाली ते सांगायला हवं. शनिवारी सकाळी निघताना जीप सामानाने गच्च भरली होती, आणि घरात राहिले आठ लोखंडी खांब. आठचा आकडा शिकवताना मैदानात उभे करायचे, प्रत्येकाच्या बुडाला जाड लोखंडी तबकडी. मास्तरणीच्या हिशेबी सामान म्हणजे कपडे, भांडी, गाद्या. खांब हे सामान नव्हतं, ती शाळा होती. शाळा शाळेच्या गाडीत जायची, नाहीतर कुठे? तिने आठही खांब डिकीत रचले, झाकण लावलं आणि देवाला हात जोडून निघाली. ज्याने शाळा चालवली नाही, त्याच्या हातून ही चूक व्हायचीच नाही.

पन्नासाव्या किलोमीटरला तिने फोन केला.

"दोन पट्टे ढिले होते. आवळले."

"चापट मारलीत?"

"मारली. चांगला आवाज आला."

"चाक?"

"कोमट."

"आणि तुम्ही?"

"मी... मीही कोमट," ती म्हणाली आणि स्वतःच चकित झाली. पलीकडे तो इतका हसला, की मागे मामांनी काहीतरी विचारल्याचंही ऐकू आलं.

मग दीडशेला, अडीचशेला, साडेतीनशेला. दर फोनला पट्ट्यांची आणि चाकांची चौकशी दोन मिनिटांत संपे, आणि पुढची वीस मिनिटं कशात जात, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. त्याला ट्रेलरच्या आवाजावरून त्याचं दुखणं कळतं. तिला विद्यार्थ्याच्या श्वासावरून कळतं, तो आता चुकणार. त्याला चहा फार गोड लागतो. तिला अजिबात नाही. शंभर किलोमीटर संपायची वाट बघत ती गाडी चालवू लागली. रात्री एका लॉजवर मुक्काम केला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण त्याच्यापासून लांब लांब चाललो आहोत आणि नेमकं उलटंच वाटतंय. हे काही चांगलं लक्षण नव्हतं. त्याचं दुकान तिकडे, आपली शाळा इकडे. तिने स्वतःला दटावलं आणि कूस बदलली.

रविवारी दुपारी डोंगर लागला. चढ पार पडला. उताराच्या दुसऱ्या वळणानंतर रस्ता लांबच लांब सरळ खाली गेला होता, आणि तिथे तिला पाठीमागून कोणीतरी हळूच ढकलल्यासारखं वाटलं. मग ओढल्यासारखं. आरशात तिची लाडकी गाडी डावीकडे गेली, उजवीकडे आली, पुन्हा डावीकडे, आणि दर खेपेला जास्त. स्टिअरिंग हाताला हिसके देऊ लागलं.

पाय ब्रेककडे निघाला होता. त्याला तेवढंच माहीत होतं. झोपेतसुद्धा त्याने तेवढंच केलं होतं. पण तो ब्रेकला टेकायच्या आत तिला पावसातलं अंगण आठवलं आणि कपाची कड पुसणारं बोट. पाय उचलायचा. कशावरच ठेवायचा नाही.

तिने पाय उचलला.

तो हवेत धरून ठेवणं हे तिच्या आयुष्यातलं सगळ्यात जड काम होतं. ट्रेलरने एक मोठा झोका घेतला, मग त्याहून लहान, मग आणखी लहान. डोंगर खाली सरकत राहिला, तिची मांडी थरथरत राहिली, आणि शेवटी जीपच्या मागे ट्रेलर सरळ येऊ लागला. उतार संपला तिथे लॉऱ्या थांबायची जागा होती. ती तिथे थांबली, उतरली आणि आधी दगडावर बसली. मग फोन लावला.

खांबांचं सांगताना तिला रडू आलं. "तुम्ही रुमालसुद्धा नको म्हणाला होतात. मी आठ लोखंडी खांब घातले. मागे."

आता तो रागावेल, असं तिला वाटलं. रागावायलाच हवं होतं.

"पाय कुठे होता?" त्याने विचारलं.

"हवेत."

"ब्रेकवर नव्हता?"

"कशावरच नव्हता. अकरा वर्षांत पहिल्यांदा."

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "मला नसतं जमलं."

तो आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतोय, असंच मास्तरणीने धरलं. मग त्याने तिला एकेक गोष्ट करायला लावली. आठही खांब डिकीतून काढून त्याच गाडीच्या पुढच्या सीटच्या पायाशी ठेवायचे. चाकं खडूच्या रेघांवर आहेत का बघायचं. मागचा एक पट्टा घासून अर्धा झिजला होता. तो चालणार नाही, असं त्याने ठाम सांगितलं. सोमवार जवळ आलाय, तिने विनवलं. तरीही नाही. मग तिने तिथल्या लॉरीवाल्यांकडे विचारलं. पाचव्या लॉरीतल्या पांढऱ्या मिशांच्या काकांनी आपला नवा पट्टा काढून दिला, वर "परत देऊ नकोस, पण नीट जा," असंही म्हणाले. या सगळ्यात अडीच तास गेले. अडीच तास ट्रेलरवाल्याने फोन ठेवला नाही. अंधारात ट्रेलर ओढायचा नाही, हेही त्यानेच बजावलं, म्हणून तिने ताईच्या गावाच्या दीडशे किलोमीटर अलीकडे मुक्काम केला आणि सोमवारी उजाडताच निघाली.

ती इन्स्पेक्टरच्या कचेरीपाशी पोचली तेव्हा अकराला वीस मिनिटं कमी होती. आणि पुढे बघते तर काय, गाडी उतरवायची जागा आत, फाटक अरुंद, आणि आत जीप वळवायला जागा नाही. ट्रेलर उलटाच आत न्यावा लागणार होता. इन्स्पेक्टर व्हरांड्यात हाताची घडी घालून उभे होते, शेजारी दोन कारकून. मास्तरणीने एकदा श्वास घेतला, हात स्टिअरिंगवर खाली आणला, जिथे घड्याळात सहा असतात तिथे, आणि डोक्याला काही विचारलं नाही. आरशात कुणी उभं नव्हतं, तरी तिला दोन हात दिसत होते. ट्रेलर एका दमात आत गेला. दोन्ही खांबांपासून सारखी जागा राहिली होती.

"कोणी शिकवलं हो तुम्हाला?" इन्स्पेक्टर व्हरांड्यातून खाली उतरत म्हणाले.

"आहे एक जण," ती म्हणाली, आणि हे सांगताना तिचा ऊर भरून आला.

गाडी उतरवली. इन्स्पेक्टरने दुसरा ब्रेक दाबून पाहिला, दिवे पाहिले, आरसे पाहिले. साडेअकराला कागदावर सही झाली. तिथे आलेल्या ताईने तिला मिठी मारली, दाजींनी जीपच्या पाठीवर थाप मारली. मास्तरणीने ट्रेलरवाल्याला फोन केला. तो "मला माहीतच होतं," एवढंच म्हणाला. आता पट्टे नव्हते, चाकं नव्हती, बोलायचं तरी काय? दोघांनी फोन ठेवला. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. एवढी शाळा मिळाली आणि ही अशी कशी हुरहुर, असं ती स्वतःलाच विचारत राहिली.

मंगळवारी दुपारी ती नव्या खोलीसमोरच्या मैदानात गाडीचं दार उघडून, आत डोकं घालून, दुसऱ्या ब्रेकला तेल देत होती. तिला दाराखालून दोन बूट दिसले. जाड तळाचे, ऑइलचे डाग असलेले.

ती लगेच उठली नाही. आधी तिने डोळे मिटून घेतले, मग तेलाची बुधली नीट बंद केली आणि मग बाहेर आली. खांद्याला पिशवी, प्रवासाने चुरगळलेला शर्ट. आज कपाळावर ग्रीस नव्हतं.

"ट्रेलर न्यायला आलात?"

"हो."

"ओढायला गाडी कुठाय?"

"मामा आणतील. गुरुवारी."

"आज मंगळवार आहे."

"हो. मी जरा... आधी आलो. बसने."

"कशाला?"

"पट्टे बघायला..."

"गुंडाळून ठेवलेत."

"बेअरिंग..."

"हात लावून बघितलं. गार आहे."

त्याची कारणं संपली. त्याने पिशवी खाली ठेवली. आणि मग मास्तरणीला ते दिसलं. त्याचा उजवा बूट मातीत बारीक थरथरत होता.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मॅडम, मला गाडी चालवता येत नाही."

"काय?"

"येतच नाही. फाटकाचा तो खांब... तो मी ठोकला होता. अठराव्या वर्षी, मामांच्या जीपने. त्यानंतर मामांनी चावी दिली नाही आणि मीही मागितली नाही. ट्रेलर हातांनी ढकलत ढकलत सगळं शिकलो, गिऱ्हाइकांचं ऐकून शिकलो. सगळ्यांना वाटतं, याला सगळं येतं. मी खोटं कधी बोललो नाही, पण खरंही सांगितलं नाही. तुमच्याशी मात्र तसं ठेवावंसं वाटेना."

मास्तरीण त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे उतारावर मी पाय उचलला तो... ऐकीव माहितीवर?"

"हो. तुम्ही फोनवर सांगत होतात ना, तेव्हा मामांना मला खुर्ची द्यावी लागली."

तिला रागवायचं होतं. तेवढा हक्क होता तिचा. पण राग शोधायला गेली तर हाताला भलतंच लागलं. या माणसाने नुसतं बघून, ऐकून, हात लावून इतकं अचूक शिकून घेतलं, की त्याच्या एका शब्दावर आपला जीव राहिला. आणि हेच सांगायला तो सहाशे चाळीस किलोमीटर बसमध्ये बसून आला. तिने गाडीचं दार उघडलं.

"बसा."

"कुठे?"

"जिथे भीती वाटते तिथे."

तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला. ती शेजारी, आपल्या जागेवर. मैदानात आठ लोखंडी खांब आठच्या आकड्यात उभे होते. तीन वेळा गाडी बंद पडली. चौथ्यांदा ती निघाली, आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"तुमचा पाय ब्रेकवर आहे ना?" त्याने विचारलं.

मास्तरणीने खाली पाहिलं. होता. अर्थातच होता. तिने चपला काढल्या, दोन्ही पाय सीटवर घेतले आणि ऐसपैस मांडी घातली.

"नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे? मॅडम, पुढे खांब आहे."

"दिसतोय. तुम्हालाही दिसतोय."

गाडी डुगडुगत पहिल्या खांबाला वळसा घालून गेली. दुसऱ्याला. तिसऱ्याला अगदी घासून गेली, तरी पाय मांडीतून उतरला नाही.

"तुम्ही विचारलं होतं ना, पाय दमत नाही का," ती समोर बघत म्हणाली. "दमतो. फार दमतो. कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून मलाही ठाऊक नव्हतं."

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून, नजर समोर. "पन्नासाव्या किलोमीटरपासून नाही. त्याच्या आधीपासून. मामांना विचारून आलोय. या गावात ट्रेलरचं दुकान नाही म्हणे..." आणि तो तिच्याकडे वळला.

"समोर बघा. चालवताना मास्तरणीकडे बघायचं नसतं."

"मग कधी बघायचं?"

"गाडी थांबली की."

त्याने ब्रेक मारला. त्याच्या बाजूचा, पहिला. क्लच दाबायचा राहिलाच, त्यामुळे गाडी गचका खाऊन बंद पडली, आणि ती पुन्हा चालू करायची दोघांनाही मुळीच घाई नव्हती.